माझे, आमचे आणि दारिद्र्यव्रत

आपल्या भाषेत दारिद्र्याला मान नाही. एखाद्याच्या घरी 'अठराविश्वे दारिद्र्य' आहे असे आपण म्हणतो ते कणव येऊन, क्वचित हेटाळणीने. आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर केरसुणी फिरवून जिला घराबाहेर काढायचे ती अलक्ष्मीही दारिद्र्याचीच देवता. 'व्रत' या शब्दाला मात्र आपण हात जोडतो. म्हणूनच कॅथलिक धर्मसंघांतील 'दारिद्र्यव्रत' हा जोडशब्द प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. जे टाळण्यासाठी सारा संसार धडपडतो ते कोणी शपथपूर्वक का पत्करावे? आणि पत्करल्यावर, प्रशस्त इमारतीत राहून व शाळा-रुग्णालये चालवून, ते पाळले जाते असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावच्या चर्चमध्ये दिसणारा प्रत्येक पाद्री दारिद्र्यव्रती असतोच असे नाही. धर्मप्रांताच्या सेवेतील पाद्री ब्रह्मचर्याचे आणि आपल्या बिशपच्या आज्ञापालनाचे वचन देतो. दारिद्र्याचे व्रत तो घेत नाही, त्याच्या नावावर पैसा वा घर असू शकते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रते घेतात ते धर्मसंघांचे सभासद : बेनेडिक्टाइन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, आणि आपण ज्यांना 'सिस्टर' म्हणतो त्या धर्मभगिनी. १५७९ मध्ये गोव्यात आलेले 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स जेझुइट होते; म्हणजे मराठीत एवढा मोठा ग्रंथ रचणारा हा पुरुषही याच व्रताने बांधलेला होता.

व्रताचा आजचा अर्थ कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत सापडतो. तिच्या ६०० व्या कलमानुसार हे दारिद्र्य मनाने आणि प्रत्यक्षात असे दोन्ही प्रकारे पाळावयाचे असून, त्यात श्रमाचे जीवन येते आणि वस्तूंचा वापर व विनियोग यांबाबत परावलंबन व मर्यादाही येते. ६६८ वे कलम अधिक व्यवहारी आहे. पहिली व्रते घेण्यापूर्वी सभासदाने आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवावी. कायमची व्रते घेण्यापूर्वी देशाच्या कायद्याने ग्राह्य ठरेल असे मृत्युपत्र करावे. आणि त्यानंतर स्वतःच्या श्रमाने जे मिळेल ते संघाचे समजावे. वेतन संघाचे, आणि संघाच्या नियमांत वेगळे काही नसेल तर निवृत्तिवेतनही संघाचे. सरकारी चाकरीत आयुष्य काढलेल्या माणसाने हे कलम वाचले की तो क्षणभर थबकतोच.

आम्ही गोवा शासनाच्या सेवेत असताना काही वर्षे अनुदानित शाळांची वेतनदेयके आमच्या टेबलावरून जात. त्यांत धर्मभगिनींच्या शाळाही असत. इतर शिक्षिकांप्रमाणेच सिस्टरांच्याही नावापुढे मूळ वेतन, महागाई भत्ता, वेतनवाढीचा दिनांक असे सारे रकाने भरलेले असत. शासनाच्या लेखी ती एक कर्मचारी, तिचा एक सेवा-अभिलेख, तिची एक सही. वेतन तिच्या हाती पडले की ते संघाच्या समाईक पेटीत जाई, आणि त्यातून तिला काय लागते ते संघाची वरिष्ठा ठरवी. एकाच रकमेकडे दोन व्यवस्था दोन दृष्टींनी पाहत होत्या. एकीला मिळवणारी व्यक्ती दिसत होती, दुसरीच्या हिशेबी अशी निराळी व्यक्तीच नव्हती.

या दोन दृष्टींची गाठ पुढे न्यायालयात पडली. तामिळनाडू व केरळातील धर्मसंघांचे म्हणणे असे होते की, अनुदानित शाळांतील सिस्टर व पाद्री यांच्या वेतनातून आयकर कापू नये, कारण व्रत घेताक्षणी ती व्यक्ती संपत्तीपुरती मृतवत होते व वेतन मुळातच संघाचे असते. आपल्याकडेही पारंपरिक हिंदू कायद्यात संन्यास घेणारा पूर्वाश्रमापुरता मृत मानला जाई. त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याला अगदीच परका नाही. तथापि मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये तो अमान्य केला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संघांची अपिले फेटाळली. वेतन नोकरीपोटी व्यक्तीला मिळते. मिळाल्यावर तिने ते कोणाला द्यावे हा तिचा प्रश्न, असा त्यामागील विचार. आमच्या मते कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच झाले. व्रत हे घेणाऱ्याला बांधते, कर गोळा करणाऱ्याला नव्हे. पण या वादाने मूळ प्रश्न उघडा केला. 'माझे' सोडले म्हणजे ती वस्तू कोणाची झाली? ती हवेत विरून जात नाही. ती 'आमची' होते.

'माझे' सोडण्याची तयारी किती बारकाईने करून घेतली जाई हे पाहायचे तर सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेली नियमावली वाचावी. तिच्यात मठवासीयाने पुस्तक, लिहिण्याची पाटी वा लेखणीसुद्धा स्वतःची म्हणू नये असे सांगितले आहे. अंगरखा, पादत्राणे, कमरपट्टा, चाकू, सुई, रुमाल जे लागेल ते मठाधिपतीने द्यावे, आणि कोणी काही लपवून ठेवले नाही ना हे पाहण्यासाठी अधूनमधून बिछाने तपासावेत. वाटप मात्र सरसकट सारखे नाही. ज्याची जशी गरज तसे. ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत, ज्याला अधिक लागते त्याने आपल्या दुर्बलतेची जाणीव ठेवून नम्र व्हावे. या नियमांत उपासमार नाही, थंडीत कुडकुडणेही नाही. आहे ते मागावे लागणे. पायातले झिजले की दुसरे आणता येत नाही, मागावे लागते. आणि मागताना 'खरेच हवे काय' या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. व्रताचा काच वस्तूंच्या अभावापेक्षा येथे अधिक आहे असे आम्हांस वाटते. खर्चाचा निर्णय स्वतः घेणे हीच प्रौढ माणसाला सर्वांत प्रिय असलेली मालमत्ता होय.

येथे आपल्या जुन्या घरांकडे वळून पाहावेसे वाटते. आमच्या आजीच्या पिढीतील सुनांना एकत्र कुटुंबात अन्नवस्त्राची ददात नव्हती. पण माहेरी जाण्याच्या भाड्यापासून पोस्टाच्या पाकिटापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी मागावे लागे, आणि ज्यांच्याकडे मागायचे त्यांच्या कपाळावरची आठी सोसावी लागे. वस्तू तीच, मागणेही तेच. एकीला आपण त्याग म्हणतो, दुसरीला रीत म्हणून विसरलो. दोहोंत फरक आहे तो एवढाच की सिस्टरने हे समजून-उमजून पत्करले आणि आमच्या आजीला कोणी विचारले नाही. हा फरक छोटा नाही. दारिद्र्याला नैतिक मूल्य येते ते त्याच्या स्वीकारातून; लादलेल्या दारिद्र्यावर व्रताचा साज चढवणे हा अन्यायच आहे.

आता मठाच्या इमारतीकडे येऊ. बेनेडिक्ट यांचे मठ पुढे श्रीमंत झाले. फ्रान्समधील क्लूनी येथील मठ ९१० मध्ये स्थापन झाला आणि दोन शतकांत युरोपातील अत्यंत वैभवशाली संस्थांपैकी एक बनला. त्या वैभवाला कंटाळून १०९८ मध्ये सितो येथे साधेपणाचा नवा पंथ निघाला. त्या सिस्टर्सियन साधूंनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, इंग्लंडात मेंढ्या पाळल्या, आणि लोकरीच्या व्यापारात तेही सधन झाले. याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कारण शोधले तर ते व्रतातच सापडते. जेथे प्रत्येक जण कष्ट करतो आणि कोणीच स्वतःवर फारसे खर्च करीत नाही, तेथे शिल्लक पडणारच. शिवाय संसारी माणसाची इस्टेट दर पिढीला वाटली जाते. एका वाड्याचे चार हिस्से, चाराचे सोळा, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मठाला मरण नाही, वारस नाही, म्हणून वाटणीही नाही. व्यक्तीचे दारिद्र्य जितके काटेकोर, तितकी संस्थेची तिजोरी भरत जाते. ही या व्रताच्या पोटातलीच अडचण आहे.

असिसीकर संत फ्रान्सिस यांना ही अडचण नेमकी दिसली होती. कापडाच्या सधन व्यापाऱ्याचा हा मुलगा. १२०६ च्या सुमारास बिशपसमक्ष अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांना परत करून तो बाहेर पडला. १२२३ मध्ये पोपने मान्य केलेल्या त्यांच्या नियमावलीने बंधूंना नाणी वा पैसा स्वतः किंवा दुसऱ्यामार्फतही घेण्यास मनाई केली, आणि घर, जागा वा कोणतीही वस्तू आपली करू नये असे सांगितले. म्हणजे 'माझे' तर नाहीच, पण 'आमचे'ही नाही. १२२६ मध्ये फ्रान्सिस वारले. दोनच वर्षांनी त्यांच्या स्मरणार्थ असिसीला भव्य मंदिराची पायाभरणी झाली. जुन्या गोव्यातील त्यांच्या नावाचे, १६६१ मध्ये उभारलेले चर्च ज्यांनी पाहिले असेल त्यांना सोनेरी मुलाम्याच्या त्या वेदीपुढे हा इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. त्याला लागून असलेल्या मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

संघ वाढला, हजारो बंधू झाले, आजाऱ्यांना औषध आणि शिकणाऱ्यांना ग्रंथ लागू लागले. तेव्हा कायदेपंडितांनी तोड काढली : वापर बंधूंचा, मालकी पोपच्या पीठाची. १२३० पासून पुढील काही दशकांत ही व्यवस्था पक्की झाली. कागदोपत्री बंधू निष्कांचन राहिले. १३२२ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी ही मालकी झिडकारली. स्वतः कायद्याचे जाणकार असलेल्या या पोपनी विचारले की, अन्नासारखी जी वस्तू वापरताच संपते, तिचा वापर आणि मालकी वेगळी कशी करणार? खाल्लेल्या भाकरीचा मालक रोममध्ये बसला आहे असे म्हणण्यात काय अर्थ? प्रश्न बिनतोड होता. पण त्याआधी, १३१८ मध्ये, मार्से येथे चार फ्रान्सिस्कनांना जिवंत जाळण्यात आले होते. धान्याची कोठारे भरून ठेवणे व वस्त्रांचा प्रकार यांविषयी वरिष्ठांचा निर्णय मानावा, कारण आज्ञापालन दारिद्र्याहूनही थोर, असे पोपचे फर्मान होते. ते त्यांनी मानले नाही. एकाच माणसाने घेतलेली दोन व्रते समोरासमोर आली, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी कोणते व्रत मोठे हे ठरवले. आपल्या गरिबीसाठी माणसे मरण पत्करतात, ही गोष्ट आजही अंगावर काटा आणते.

मग संघाने 'आमचे'ही टाकून द्यावे काय? येथे आम्हांस देहूची आख्यायिका आठवते. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याआधी त्यांनी त्या कागदांची वाटणी केली आणि धाकटे बंधू कान्होबा यांचा हिस्सा त्यांच्या स्वाधीन केला, हा भाग आपण घाईत विसरतो. त्याग आपल्या हिश्श्याचाच करता येतो. संघाच्या पेटीत पंचाहत्तरीच्या सिस्टरचा औषधपाण्याचा हिस्सा असतो. तरुण वरिष्ठेने उत्साहाच्या भरात तो नदीत टाकला तर तो तिचा त्याग ठरणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या धर्मभगिनींनी शाळा-रुग्णालयांत नाममात्र मानधनावर काम केले. दारिद्र्यव्रती असल्याने त्या तेथील सामाजिक सुरक्षा योजनेबाहेर होत्या; १९७२ मध्ये कायद्याने त्यांच्या संघांना तीत येण्याची मुभा दिली. तोवर अनेकींचे आयुष्य सरत आले होते, नव्या मुली येईनाशा झाल्या होत्या, आणि वृद्धांच्या सांभाळासाठी तेथील कॅथलिक चर्चला १९८८ पासून दरवर्षी देशभर वर्गणी गोळा करावी लागत आहे. ज्यांनी त्यांच्या स्वस्त श्रमांवर शाळा चालवल्या, त्यांना तो लाभ घेताना पुढचा विचार सुचला नाही. २०१८ मध्ये तर व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक मासिकाने लिहिले की, धर्मभगिनींना धर्माधिकाऱ्यांच्या घरी स्वयंपाक व वाढपाची कामे जवळजवळ फुकट करावी लागतात. आणि धर्मसंहितेचे ७०२ वे कलम असे आहे की, संघ सोडून जाणाऱ्याला केलेल्या कामाबद्दल हक्काने काहीही मागता येत नाही. संघाने मात्र त्याच्याशी न्यायाने व प्रेमाने वागावे. चाळीस वर्षे शिकवून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हाती काय राहावे हे दुसऱ्याच्या प्रेमावर सोडलेले आहे. हे कलम आमच्या गळी उतरत नाही. तीस वर्षांची सेवा झालेल्या शिपायालाही आपण हक्काचे निवृत्तिवेतन दिले. ते त्याच्यावर उपकार म्हणून दिले नाही.

व्रत दुसऱ्यावर पडते तेव्हा काय होते याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या संघाच्या भगिनींचे राहणे किती साधे, हे सर्वांना ठाऊक आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या धर्मपरिषदेस आलेले पोप सहावे पॉल यांनी भेट दिलेली मोटार मदरनी सोडतीत काढली आणि पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. भेट नाकारली नाही आणि स्वतःपाशी ठेवलीही नाही. पण १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी त्यांच्या कोलकात्याच्या आश्रयगृहाला भेट देऊन लिहिले की, तेथील प्रेमळ शुश्रूषा खरी असली तरी वेदनाशमनाची व्यवस्था तोकडी आहे. सिस्टरने स्वतःच्या दुखण्यात गोळी नाकारली तर ते तिचे व्रत. मरणाच्या दारातील माणसाने ते व्रत घेतलेले नसते. स्वतःचे 'माझे' सोडणाऱ्याला दुसऱ्याच्या गरजेचे माप कमी करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

या साऱ्या इतिहासात आम्हांस सर्वांत आदर वाटतो तो असिसीच्याच संत क्लारांविषयी. १२१२ मध्ये घर सोडून त्या फ्रान्सिस यांच्या मार्गाने निघाल्या. स्त्रियांनी भिक्षेवर कसे जगावे, त्यांना जमिनीचे उत्पन्न हवेच, असे वडीलधाऱ्या धर्माधिकाऱ्यांचे मत. आणि ते काळजीपोटी होते हेही मान्य केले पाहिजे. क्लारांनी आयुष्यभर नम्रपणे नकार दिला. १२२८ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्याकडून त्यांनी जे लेखी मिळवले ते जगावेगळे होते : कोणीही आमच्यावर मालमत्ता घेण्याची सक्ती करू नये, असा अधिकार. पुढे त्यांची स्वतःची नियमावली ९ ऑगस्ट १२५३ रोजी मान्य झाली आणि दोन दिवसांनी त्या वारल्या. क्लारांनी दारिद्र्याचा निर्णय आपल्या हाती ठेवला, आणि फक्त आपला व आपल्याबरोबर स्वेच्छेने राहणाऱ्यांचा ठेवला. तो वरून लादलेला नव्हता, खाली कोणावर ढकललेलाही नव्हता. दारिद्र्यव्रत खरे की नावापुरते हे जोखण्यासाठी आम्हांस याहून चांगली कसोटी ठाऊक नाही. इमारत किती मोठी हे पाहून निर्णय होत नाही. त्या इमारतीचा हिशेब आतल्या शेवटच्या सभासदाला पाहता येतो काय, म्हातारीचा हिस्सा राखला आहे काय, आणि बाहेरच्या गरिबासाठी दार उघडते काय, हे पाहावे लागते. धर्मसंहितेचे ६३४ वे कलमही संघांना चैन, अवाजवी नफा व संचय यांपासून दूर राहण्यास बजावते. पण बेनेडिक्ट यांच्या नियमात बिछाना तपासला जाई तो मठवासीयाचा. मठाची तिजोरी कोणी तपासावी, हा प्रश्न दीड हजार वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही.

आपणही 'आमचे' या शब्दाच्या आडोशाने बरेच काही साठवतो. देवस्थाने, ज्ञातिसंस्था, मंडळे यांच्या कारभारात आम्ही असे अनेक सज्जन पाहिले की जे स्वतः रिक्षाचे पैसेही वाचवतात, पण संस्थेच्या मुदत ठेवीतून गरजू विद्यार्थ्याला फी द्यायची म्हटली की ठेव मोडण्याच्या कल्पनेनेच अस्वस्थ होतात. स्वतःसाठी ते लोभी नसतात. लोभ संस्थेच्या खात्यात वर्ग झालेला असतो, आणि तेथे त्याला निष्ठा म्हणतात.

संसारी माणसाने दारिद्र्यव्रत घ्यावे असे आम्ही सुचवीत नाही; घेतले तर त्याचा भार बायकोमुलांवर पडेल, आणि तसे व्रत आपण वर अमान्यच केले आहे. पण त्यातील एक पायरी घेण्याजोगी आहे. तिशीच्या आतबाहेरची मुलगी कायमची व्रते घेण्यापूर्वी मृत्युपत्र लिहिते. आपल्या नावावर काय आहे याची ती यादी करते, प्रत्येक बाबीपुढे नाव घालते आणि सही करते. आमच्या पिढीतील कितीतरी सुस्थित निवृत्त गृहस्थ सत्तरी आली तरी हा कागद करायला धजत नाहीत. अभद्र वाटते म्हणतात. अभद्रतेचे कारण पुढे केले जाते, पण बहुधा अडते ते यादीपाशी. ती लिहायला बसले की काय काय साठवले ते दिसते, त्यातले खरोखर कोणाला लागणार आहे हे विचारावे लागते, आणि काही नावे अशी सुचतात की ज्यांना देण्यासाठी मरेपर्यंत थांबण्याचे कारणच नसते.